आयर्लंड आणि शेंगेनची वेस

युरोपच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला एका गोष्टीचे प्रथम मोठे नवल वाटते. लिस्बनच्या विमानतळावर एकदा पासपोर्टाची तपासणी झाली, की पुढे माद्रिद, पॅरिस, ब्रुसेल्स, बर्लिन, वॉर्सा अशी मजल दरमजल करीत तो कितीही हिंडला, तरी एरवी सरहद्दीवर त्याला कोणी हटकीत नाही. पण हाच प्रवासी पॅरिसहून डब्लिनला उतरला, की पासपोर्ट पुन्हा खिशातून बाहेर काढावा लागतो. आणि तो भारताचा नागरिक असेल तर त्याला निराळा व्हिसाही लागतो. वास्तविक आयर्लंड १९७३ पासून युरोपीय राष्ट्रांच्या संघटनेचा सभासद आहे. तेथील नाणे फ्रान्स-जर्मनीतले तेच आहे. असे असता या एकाच बाबतीत त्या देशाने वेगळी चूल का मांडावी, हा प्रश्न कोणाही जिज्ञासू माणसाला पडावा असा आहे. त्याचे उत्तर आपण शोधू लागलो, म्हणजे सरहद्द या वस्तूविषयी पुष्कळच शिकावयास मिळते.

प्रथम ही शेंगेनची व्यवस्था काय आहे ते पाहू. शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव. तेथे १४ जून १९८५ रोजी नदीतल्या एका बोटीवर बेल्जियम, नेदरलंड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या पाच देशांनी आपापसांतील सरहद्दीवरची तपासणी क्रमाक्रमाने बंद करण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल मार्च १९९५ मध्ये सुरू झाला. पुढे एकेक देश येऊन मिळाला, आणि १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया व रुमानिया यांचाही पूर्ण समावेश होऊन ही संख्या एकोणतीस झाली. अधूनमधून एखादा देश काही कारणाने तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू करतो. पण तो अपवाद, नियम नव्हे.

तथापि केवळ 'सरहद्दी काढून टाकल्या' एवढेच म्हणणे अपुरे होय. शेजारशेजारच्या अनेक वाड्यांनी मिळून मधल्या भिंती पाडाव्यात, सर्वांभोवती एकच कोट घालावा आणि त्याच्या वेशीवर राखण बसवावी, तसा हा प्रकार आहे. मधली भिंत पाडली म्हणजे शेजाऱ्याच्या दाराने आत शिरलेला मनुष्य आपल्याही माजघरात येऊ शकतो. म्हणून बाहेरच्या वेशीवरची राखण प्रत्येकाने स्वतःपुरती नव्हे, सर्वांच्या वतीने आणि सर्वांनी ठरविलेल्या नियमांनी करावयाची, हा या व्यवस्थेचा गाभा आहे. आतली मोकळीक आणि बाहेरची कडक राखण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एक घ्यावी आणि दुसरी टाकावी, असे येथे चालत नाही.

आयर्लंडची खरी अडचण आहे ती येथे. या देशाला जमिनीवरचा शेजारी एकच, आणि तो म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातील उत्तर आयर्लंड. १९२१ मध्ये बेटाचे दोन भाग झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातील तहाने पुढल्या वर्षी आयरिश मुक्त राज्य अस्तित्वात आले. पण दोन्हीकडे नातीगोती, शेतीवाडी, चाकरी-धंदा इतका गुंतलेला होता, की माणसांच्या येण्याजाण्यावर पासपोर्टाची अट घालणे कोणालाच परवडणारे नव्हते. तेव्हापासून दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे पासपोर्टाविना जाण्यायेण्याची मुभा राहिली. या प्रदेशाला 'सामाईक प्रवासक्षेत्र' म्हणतात आणि त्यात मॅन बेट व खाडीतील जर्सी-गर्न्सी ही बेटेही येतात. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिले तेव्हा या मोकळिकीवर निर्बंध आले. ते १९५२ साली उठले. १९४९ मध्ये आयर्लंडने राष्ट्रकुटुंब सोडले, तेव्हाही आयर्लंडला परका देश मानू नये, असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला. पोटापाण्यासाठी लिव्हरपूल किंवा लंडन गाठणाऱ्या आयरिश माणसाच्या दृष्टीने या कायद्याचे मोल फार मोठे होते.

या सरहद्दीचे रूपही मोठे चमत्कारिक आहे. ती सुमारे पाचशे किलोमीटर लांब असून तिच्यावरून जाणारे सार्वजनिक रस्ते दोनशेहून अधिक आहेत. जुन्या परगण्यांच्या हद्दी हीच देशांची हद्द ठरल्यामुळे ती शेतांमधून आणि ओढ्यांवरून वेडीवाकडी जाते. पेटिगो या गावाच्या मधून नदी वाहते आणि नदीच्या दोन तीरांवर दोन देश आहेत. क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा रस्ता तर थोड्याशा अंतरात हीच सरहद्द चारदा ओलांडतो. मोटार हाकणाऱ्याला देश बदलल्याचे कळते ते वेगमर्यादेच्या पाट्यांवरून. एकीकडे मैल, दुसरीकडे किलोमीटर.

अशा सरहद्दीवर नाकी बसविली म्हणजे काय होते, याचा अनुभव त्या लोकांनी घेतलेला आहे. १९२३ पासून मालावर जकात सुरू झाली. काही रस्ते 'मान्य' ठरले, बाकीचे 'अमान्य'. आणि लोण्यापासून गुरांपर्यंत सर्व जिनसांची चोरटी ने-आण हा सीमेवरच्या लोकांचा जणू जोडधंदा झाला. हे एक वेळ हसून सोडून देण्यासारखे होते. पण १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंडात जी यादवी पेटली, तिच्यात तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. सरहद्दीवर लष्करी ठाणी आणि टेहळणीचे मनोरे उभे राहिले. लष्कराने आडरस्ते सुरुंगांनी उखडले किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बंद केले. गावकऱ्यांनी खड्डे बुजवून ते मोकळे करावे, लष्कराने पुन्हा उखडावे, असे चालले. नाके आणि त्यावरचा शिपाई ही हल्ला करण्यास हाताशी असलेली खूण बनली. जकातीची तपासणी १९९३ मध्ये युरोपच्या एकसंध बाजारपेठेमुळे संपली. १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टचा करार झाला आणि पुढील काही वर्षांत लष्करी ठाणीही हलली. उत्तर आयर्लंडातील माणसाने स्वतःला आयरिश म्हणवावे, ब्रिटिश म्हणवावे की दोन्ही, हे त्याने ठरवावे, असे या कराराने मान्य केले. सरहद्द डोळ्यांना दिसत नाही, यावर या तडजोडीची पुष्कळशी भिस्त आहे.

आता शेंगेनचा प्रश्न पुन्हा हाती घेऊ. ब्रिटन शेंगेनमध्ये गेला असता, तर आयर्लंडलाही त्याच्याबरोबर जाता आले असते. पण समुद्राने वेढलेल्या देशाला बंदरावर आणि विमानतळावर तपासणी करणे सोपे जाते, या भरवशावर ब्रिटनने बाहेर राहणे पसंत केले. मग आयर्लंडने एकट्याने आत जावयाचे ठरविले, तर ती पाचशे किलोमीटरांची सरहद्द हीच शेंगेनची बाहेरची वेस ठरणार आणि पेटिगोच्या पुलावर एकोणतीस देशांच्या वतीने राखण बसवावी लागणार! म्हणून १९९७ च्या आम्स्टरडॅम तहात शेंगेनचे नियम युरोपीय संघाच्या कायद्यात आले, तेव्हा ब्रिटन व आयर्लंड यांनी बाहेर राहण्याची सवलत लिहून घेतली. जानेवारी २०२० अखेर ब्रिटनने संघच सोडला. तरी मे २०१९ मध्येच दोन्ही सरकारांनी सामाईक प्रवासक्षेत्र चालू ठेवण्याचे लेखी ठरविले होते. त्या खटपटीच्या वर्षांत आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक असेलच.

या निवडीची किंमत आयर्लंडला मोजावी लागते, हे नाकारून चालणार नाही. युरोपातून येणाऱ्या परदेशी प्रवाशाला डब्लिनसाठी वेगळा व्हिसा लागतो, म्हणून तो पुष्कळदा डब्लिन वगळतो. (ही उणीव थोडी भरून काढण्यासाठी चिनी व भारतीय नागरिकांना ठराविक अल्पमुदतीच्या एकाच व्हिसावर ब्रिटन आणि आयर्लंड पाहण्याची सोय केलेली आहे.) दुसरी किंमत अधिक बोचणारी आहे. स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला इतक्या महत्त्वाच्या बाबतीत लंडनचा कल पाहून वागावे लागते. ही टीका आयर्लंडमध्येही होते आणि ती खोटी नाही. परंतु आत गेल्याने मिळणारा लाभही मर्यादित आहे. शेंगेनच्या कोणत्याही देशाला आयर्लंडची जमीन लागलेली नाही. त्यामुळे विमानतळावरची एक रांग वाचेल. सीमेवरच्या गावांना मात्र आपला रोजचा रस्ता गमवावा लागेल.

याच्या शेजारी नॉर्वेचे उदाहरण ठेवून पाहावे. नॉर्वे आणि आइसलंड युरोपीय संघात नाहीत. तरी ते शेंगेनमध्ये आहेत. कारण उत्तरेकडील देशांत १९५० नंतरच्या दशकापासूनच पासपोर्टाविना जाण्यायेण्याचा प्रघात पडलेला होता. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड शेंगेनमध्ये जाणार असे दिसताच, तो प्रघात मोडू नये म्हणून नॉर्वे व आइसलंडही त्यांच्याबरोबर आत गेले. मार्च २००१ पासून हे पाचही देश त्या व्यवस्थेत आहेत. म्हणजे शेजाऱ्याकडची जुनी वाट राखण्यासाठी एक देश वेशीच्या आत गेला, आणि त्याचसाठी दुसरा बाहेर राहिला.

तेव्हा एखादे राष्ट्र मोकळ्या प्रवासक्षेत्राबाहेर राहिले, एवढ्यावरून ते संकुचित आहे असा निकाल आपण देऊ नये. कोणताही देश सगळीच दारे एकदम उघडी ठेवू शकत नाही; एक उघडावयाचे तर बहुधा दुसऱ्यावर राखण बसवावी लागते. मग कोणत्या दारातून आपली माणसे रोज ये-जा करतात, शाळेला, बाजाराला, दवाखान्याला आणि आप्तांच्या अंत्ययात्रेला कोणत्या वाटेने जातात, हे पाहून निवड करणे प्राप्त होते. आयर्लंडने पॅरिसच्या पाहुण्याला थोडे थांबविले आणि पेटिगोच्या शेतकऱ्याला मोकळे सोडले. ज्या सरहद्दीवर एका पिढीने इतके रक्त सांडलेले पाहिले, तेथे ही निवड शहाणपणाची ठरते, असे आम्हांस वाटते.