वाहता कान आणि लेंकरांची प्रतिकारशक्ति

अकोला जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें हिवरखेड घ्या किंवा वऱ्हाडांतील दुसरें कोणतेंही गांव घ्या. थंडी पडूं लागली कीं एकत्र कुटुंबांतील एका मुलाचें पडसें सर्वांना होतें, आणि सर्वांत धाकट्याचा कान वाहूं लागतो. "दांत येताहेत, होईल बरें," असें म्हणून वडील मंडळी कानांत कोमट तेल सोडतात. हा समज आम्हांस घातक वाटतो.

लहान मुलांची घशापासून मध्यकर्णाकडे जाणारी नळी आंखूड व बरीचशी आडवी असते. त्यामुळें नाकांतील जंतु सहज आंत शिरतात. न्युमोकॉकस व हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे त्यांतील प्रमुख होत. शिवाय आईकडून गर्भांत मिळालेलीं प्रतिद्रव्यें कांहीं महिन्यांत ओसरतात. न्युमोकॉकस तर शर्करेचें कवच पांघरून येतो, आणि तें कवच ओळखण्याची विद्या २ वर्षांखालील बालकाच्या शरीरास पुरती अवगत झालेली नसते.

शास्त्रज्ञांनीं यावर नामी युक्ति काढली. ती शर्करा एखाद्या प्रथिनास जोडून टोंचली, म्हणजे तान्ह्या मुलाचें शरीरही तिला ओळखतें व ती ओळख स्मरणांत ठेवतें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें न्युमोकॉकसच्या १० प्रकारांवर अशी लस सिद्ध करून २०२० च्या डिसेंबरांत बाजारांत आणली. महाराष्ट्रांत २०२१ पासून सरकारी लसीकरणांत न्युमोकॉकसची लस मोफत मिळते. ती ६ व्या व १४ व्या आठवड्यांत आणि पुन्हा ९ व्या महिन्यांत टोंचावयाची असते. हा शेवटचा डोस चुकवूं नये.

तथापि ही लस मुख्यत्वें न्युमोनियासाठीं आहे. कानाचें दुखणें तिनें कांहीं अंशींच टळतें. कान बिघडविणारा हिमोफिलस बहुधा बिनकवचाचा असतो व त्यास ती लागू पडत नाहीं. म्हणून घरची दक्षता हवीच. पहिले ६ महिने आईचेंच दूध द्यावें, मुलास आडवें निजवून बाटली पाजूं नये, चुलीच्या व विडीच्या धुरापासून त्यास दूर ठेवावें. वाहत्या कानांत तेल तर मुळींच घालूं नये. पडदा फुटला असल्यास तें आंत जाऊन अपाय करतें.

दुखणें थांबलें कीं आपण कान विसरतों. परंतु मध्यकर्णांत द्रव सांचून राहिल्यास मुलास कमी ऐकूं येतें, त्याचें बोलणें लांबतें, आणि आपण त्यास मंद ठरवितों. हाकेला ओ न देणाऱ्या लेंकरास हट्टी म्हणण्यापूर्वीं त्याचा कान डॉक्टरांस दाखवावा, एवढीच घरोघरच्या आजी-आजोबांस आमची विनंति आहे.