दिवसा पाणी हवं? मग उन्हाचा हिशेब आधी मांडा



कोडोलीच्या शिवारात पाण्याची फार ओरड नाही. खाली वारणा नदी आहे, वरच्या अंगाला विहिरी आणि बोअर आहेत. ओरड आहे ती लाईटच्या वेळेची. शेतीची वाहिनी जिथे अजून सौरवर आलेली नाही, तिथे वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी आली की बॅटरी घेऊन उसात दारं मोडायला जायचे. पायाखाली साप-विंचू, आणि डोंगराकडच्या रानात गव्याची धास्ती. दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून फेब्रुवारी 2022 मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले, ते याच दुखण्यासाठी.

पुढे शासनाने एप्रिल 2024 ते मार्च 2029 या काळासाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. तेव्हापासून गावोगावी एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, लाईट फुकट झाली, आता सोलर कशाला?" उत्तर सोपे आहे. बिल गेले, पण रात्र गेली नाही. सौरऊर्जेकडे पैशाच्या आधी वेळेच्या हिशेबाने बघा.

ऊन आणि पिकाची गाठ

सौर पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या चकत्यांवर ऊन पडले की वीज तयार होते. त्यात जळण नाही, धूर नाही, फिरणारा भागही नाही. घरात दिवे रात्री लागतात, म्हणून तिथे वीज साठवायचा खर्च येतो. शेतीचे तसे नाही. पिकाला पाण्याची ओढ उन्हातच जास्त असते आणि पंपही उन्हातच जोरात चालतो. साठवायचेच झाले तर टाकीत किंवा शेततळ्यात पाणी साठवा, बॅटरीची गरज नाही.

आपल्या भागात जून ते सप्टेंबर ढगाळ असते, तेव्हा पंप कमी चालणार. पण त्या दिवसांत पाणी द्यायची गरजही कमीच. खरी गरज ऑक्टोबर ते मे, आणि तेव्हा ऊन भरपूर.

सौरपंप कुणाच्या कामाचा?

2024 मध्ये राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. तिचा मुख्य रोख ज्यांच्याकडे शाश्वत पाणी आहे पण पारंपरिक वीजजोडणी नाही, अशा शेतकऱ्यांवर आहे. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरायचे, बाकी अनुदान. अडीच एकरापर्यंत 3 अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे माप ठरले.

पण एकराच्या मापावर थांबू नका, पाण्याचा हिशेब मांडा. 5 अश्वशक्तीचा पंप आणि एकूण 30 मीटर उचल धरली, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण लाख-सव्वा लाख लिटर पाणी निघते. उसाला सरीतून एक पाळी द्यायची तर एकरी तीन लाख लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एका एकराची पाळी भिजायला तीन दिवस. दहा दिवसांनी पुन्हा पाळी आली की तीन एकराच्या वर हा पंप पुरणार नाही. तोच ऊस ठिबकवर असेल तर ऐन उन्हाळ्यात एकरी रोज 20 ते 25 हजार लिटर पुरते. मग त्याच पंपावर चार-पाच एकर निघतात.

सांगायचे एवढेच की सौरपंप घ्यायचा तर ठिबकची तयारी ठेवूनच घ्या. पाटपाण्याची सवय तशीच ठेवून सौरपंप बसवला, की "ह्यो पंप काय कामाचा न्हाई" म्हणायची पाळी येते. दोष पंपाचा नसतो, मापाचा असतो.

उचल दुप्पट झाली की पाणी जवळपास निम्मे होते, हेही ध्यानात ठेवा. मे महिन्यात विहिरीत किंवा बोअरला पाणी किती खोल जाते ते दोरी सोडून मोजा आणि तो आकडा घेऊनच अर्ज भरा.

नदीवरच्या मोठ्या मोटरींचे काय?

वारणेवरून लांब आणि उंच पाणी नेणाऱ्या मोटरींना आणि उपसा संस्थांना एकेकटा सौरपंप हा इलाज नव्हे. आधीपासून वीजजोडणी असलेल्या शेतकऱ्यांचेही तसेच. त्यांच्यासाठी मार्ग आहे तो सौर कृषी वाहिनीचा. 2017 मध्ये सुरू झालेली ही योजना 2023 मध्ये नव्या रूपात आली. वीज उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला जाते. मोटर तीच, स्टार्टर तोच, पाईपलाईन तीच. बदलते ती लाईट येण्याची वेळ. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला असा 3 मेगावॅटचा प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला आणि दीड हजारांवर शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली.

इथे सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लक्ष घालायला हवे. एका मेगावॅटला चार ते पाच एकर जागा लागते. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, अशी योजनेत तरतूद झाली. प्रकल्प ज्या हद्दीत होईल त्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षांत 15 लाख रुपयांची तरतूदही झाली. मात्र गायरान द्यायचे असेल तर आपल्या भागात घरटी दुभती जनावरे आहेत, हे विसरू नका. किती जागा द्यायची, चराईला किती ठेवायची, हे ग्रामसभेत उघडपणे ठरवा. पडीक, खडकाळ माळ असेल तर तो आधी दाखवा.

बसवताना आणि बसवल्यावर

- 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी कुठवर आले होते ते आपल्याला ठाऊक आहे. पुराच्या आधी मोटर वर काढता येते, पॅनेलचा सांगाडा काढता येत नाही. तो पूररेषेच्या वरच उभा करा.
- पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे हवे. दक्षिणेला, तसेच पूर्व-पश्चिमेला लगत ऊस लावू नका. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते.
- गाळप हंगामात पाचट पेटवल्याची काजळी पॅनेलवर बसते. आठ-दहा दिवसांनी सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवा. आणि पाचट पेटवण्यापेक्षा सरीत कुजवलेले कधीही चांगले.
- वळवाच्या वाऱ्याआधी सांगाड्याचे नटबोल्ट आवळून घ्या. योजनेत पाच वर्षे दुरुस्ती आणि विमा आहे. नुकसान झाले की फोटो काढून लगेच तक्रार नोंदवा.
- सौरपंपाच्या नावाखाली पैसे मागणारे फोन आणि बनावट संकेतस्थळे बरीच झाली आहेत. पैसे महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा, कुणा एजंटाच्या खात्यावर नाही.

ऊन संपत नाही, पाणी संपते

सूर्य रोज उगवणार, त्याचे बिल येणार नाही. त्यामुळे पंप दिवसभर चालूच ठेवायचा मोह होतो. पण बोअरमधले पाणी उन्हासारखे रोज नव्याने येत नाही. शिवाय जादा पाण्याने जमिनीचे काय होते ते बघायला लांब जायला नको. शिरोळ तालुक्यात अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी सुधारायला शेतकऱ्यांना जमिनीखालून निचऱ्याच्या पाईप टाकाव्या लागल्या. फुकटच्या विजेने तसे रान आपल्याकडे तयार व्हायला नको.

तेव्हा वीजजोडणी नसलेल्यांनी आधी पाण्याची खोली, क्षेत्र आणि ठिबकचा आराखडा कागदावर मांडावा, मग सातबारा आणि आधार घेऊन अर्ज करावा. योजनेच्या अटी बदलत असतात, त्या अर्जाच्या दिवशी तपासून घ्याव्यात. वीजजोडणी असलेल्यांनी येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारावा, "आपली वाहिनी सौरवर कधी येणार, आणि त्यासाठी आपण जागा कुठली दाखवली?" हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला मात्र विसरू नका.