सेनेगलचा उंच गडी

आफ्रिका खंडाच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी, सेनेगल नावाचा देश आहे. फुटबॉल हा तेथील अत्यंत आवडता खेळ. २००२ साली विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात या देशाने जगज्जेत्या फ्रान्सला १-० असे हरविले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. याच देशाचा मोर्तादा फॉल हा खेळाडू २०१८ साली गोव्याच्या संघात आला व २०२० साली मुंबई सिटी या संघात दाखल झाला.

फॉल हा बचावपटू. प्रतिपक्षाची चाल अडवावी आणि चेंडू आपल्या मधल्या फळीकडे सोपवावा, हे त्याचे काम. अशा खेळाडूच्या नावाचा जयघोष सहसा होत नाही. तो गोल करणाऱ्याच्या वाट्याला येतो. मग फॉल मुंबईकरांचा एवढा लाडका का झाला?

याचे उत्तर कॉर्नर किक आणि फ्री किक यांत सापडते. बचाव करणाऱ्याच्या अंगाला लागून चेंडू त्याच्याच गोलरेषेबाहेर गेला, की आक्रमण करणाऱ्या संघाला मैदानाच्या कोपऱ्यातून किक मिळते. चेंडू थांबलेला असल्यामुळे खेळाडूंना जागा घेण्यास अवधी मिळतो. अशा वेळी एरवी मागे उभा असणारा फॉल प्रतिपक्षाच्या गोलापुढे येई. सहा फुटांहून अधिक उंचीचा त्याला लाभ होई हे खरे; पण उंच माणसे काय, पुष्कळ असतात! चेंडू कोठे उतरणार हे ताडून नेमक्या क्षणी उडी घेणे, ही खरी विद्या. उडी लवकर घेतली, तर चेंडू येईपर्यंत खेळाडू खाली येऊ लागतो. उशीर झाला, तर चेंडू डोक्यावरून निघून जातो. शिवाय चेंडूही तसाच अचूक यावा लागतो. ते काम मधल्या फळीतील मोरोक्कोचा अहमद जाहू करी. गोव्यातही हे दोघे एकाच संघात होते.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी गोव्यातील बांबोळी येथे मुंबईची गाठ कोलकात्याच्या एटीके मोहन बागान संघाशी पडली. साखळीतील तो अखेरचा सामना होता. बरोबरी झाली असती, तरी पहिल्या क्रमांकाची ढाल कोलकात्याला गेली असती. सातव्याच मिनिटाला जाहूची फ्री किक आली आणि फॉलने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. दुसरा गोल नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओगबेचे याने केला व मुंबई २-० अशी जिंकली. करोनाच्या साथीमुळे मैदानात प्रेक्षक नव्हते. जयघोष झाला तो घरोघरी, दूरचित्रवाणीपुढे! पुढील हंगामात फॉल संघाचा कर्णधार झाला.

त्या विजयामुळे मुंबईला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला होता. तेथे ११ एप्रिल २०२२ रोजी, सौदी अरेबियातील रियाध शहरी, मुंबईने इराकच्या वायुसेना संघाला २-१ असे हरविले. त्या स्पर्धेत भारतीय संघाने मिळविलेला हा पहिलाच विजय. निर्णायक गोल कॉर्नर किकवरच झाला आणि चेंडू धाडणारा जाहूच होता. परंतु त्या चेंडूला डोके लावले ते फॉलने नव्हे. बचावफळीतील त्याचा जोडीदार, मुंबईतच जन्मलेला राहुल भेके याने.