खानदानी कुज

आमच्या घरी द्राक्षाच्या घडाला बुरशी लागली की त्या रात्री कोणी पोटभर जेवत नसे. निफाडकडे आमची तीन एकर बाग. माल उतरायच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला की मणी तडकायचे, घड सडायचे. अण्णा कात्री घेऊन एकेक सडका मणी काढत बसत आणि आम्ही पोरे तो पाट्यांत भरून बांधापलीकडे फेकून येत असू. ‘बुरशी’ हा शब्द माझ्या कानाला आजही शिवीसारखा लागतो.

त्यामुळे ऑक्टोबरअखेर हंगेरीतल्या तोकाय भागात एका मळ्यात उभा राहिलो, तेव्हा आधी पोटात गोळाच आला. वेलींवर सुरकुतलेले, तपकिरी, राखाडी लव धरलेले मणी. आणि बायका तेच मणी एकेक करून, सोने वेचावे तसे वेचत होत्या! आमच्याकडे वेचायचे ते फेकण्यासाठी, इथे ठेवण्यासाठी.

या बुरशीचे नाव बॉट्रायटिस सिनेरिया. तोकाय गावापाशी बोद्रोग नदी तिसाला मिळते. शरदात पहाटे नद्यांवरून धुके चढते आणि बुरशी फोफावते. दुपारी ऊन पडते आणि ती आवरली जाते. बुरशी मण्याच्या सालीला बारीक छिद्रे पाडते. पाणी उडून जाते, साखर आणि आंबटपणा आत दाट होतो. युरोपातले लोक हिला ‘उदात्त कुज’ म्हणतात. मला ‘खानदानी कुज’ म्हणावेसे वाटते.

असा सुकलेला मणी म्हणजे ‘ऑसू’. हे मणी ताज्या रसात किंवा नव्या वाइनमध्ये भिजवून दाबतात आणि निघालेली वाइन खडकात कोरलेल्या तळघरांत, लाकडी पिंपांत मुरवतात. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपाला अशा मण्यांच्या किती टोपल्या घातल्या, त्यावर गोडी मोजत. २०१३ च्या नियमांपासून लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर असल्याखेरीज ‘ऑसू’ हे नाव लावता येत नाही.

एवढी साखर म्हणजे निव्वळ पाक असणार, असे मी धरून चाललो होतो. पहिल्या घोटाला सुका जर्दाळू लागला, मागून मध, मग संत्र्याची साल, थोडे केशर. आणि गोड आता डोक्यात जाणार असे वाटते न वाटते, तोच एक स्वच्छ आंबट धार आली आणि जीभ लख्ख झाली. कैरीवाचून मुरांबा नाही, तशी आंबटावाचून ही वाइन नाही. फुर्मिंट जातीच्या द्राक्षाचे मोल या आंबटपणात आहे.

पण हा सगळा जुगार आहे. ऊन न पडता पाऊसच लागून राहिला, तर हीच बुरशी नुसती सडवते. फ्रान्समध्ये सोतेर्न भागातल्या शातो दिकेमची अशीच गोड वाइन जगभर नावाजलेली. एका वेलीमागे जेमतेम पेलाभर निघते, असे तिच्याबद्दल सांगतात. त्यांनीही २०१२ साली हंगाम बिघडल्यावर ती वाइन काढलीच नाही.

येताना एक बाटली आणली. अण्णा माळकरी, त्यांनी ओठाला लावायचा प्रश्नच नव्हता. बूच तेवढे हातात घेऊन त्यांनी हुंगले.

‘‘जर्दाळूचा वास येतो रे. सडक्या मण्याची म्हणतोस?’’

‘‘हो अण्णा.’’

‘‘आणि पाऊस आला तर?’’

‘‘तर त्यांचाही माल जातो.’’

अण्णा बराच वेळ बूच बोटांत फिरवत राहिले. आमची बाग तोडून तेव्हा दोन वर्षे झाली होती.

‘‘म्हणजे आपल्यासारखेच की,’’ ते म्हणाले आणि बूच सदऱ्याच्या खिशात टाकून उठले.