शाळूच्या पानावरचा तांबडा डाग

शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात शाळू (रब्बी ज्वारी) पोटरीत आला की खालच्या पानांवर तांबडे-जांभळे डाग दिसू लागतात. ‘रोग पडला’ म्हणून आपण पुढे जातो. बुरशी किंवा कीड आलेली असते हे खरं, पण तो रंग बहुधा ज्वारीने स्वतः तयार केलेला असतो.

ल्युटिओलिनिडिन आणि एपिजेनिनिडिन ही त्यातली मुख्य रंगद्रव्यं. दोन्ही फ्लॅव्होनॉइड कुळातली, बुरशीला मारक. १९९० साली स्नायडर आणि निकल्सन या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात हा सामना पेशीच्या पातळीवर दाखवला. बुरशी आत शिरू लागली की त्याच पेशीत बारीक बिनरंगी कण तयार होतात, शिरकावाच्या जागेकडे सरकतात, तांबडे होतात आणि फुटतात. बुरशी मरते, तिच्यासोबत ती पेशीही. डाग पडतो तो अशा मेलेल्या पेशींचा. शेजारच्या पेशी वाचाव्यात म्हणून ज्वारी स्वतःचाच एक तुकडा सोडून देते, हे मला फार विलक्षण वाटतं.

ही रंगद्रव्यं बनवण्याचा हुकूम सोडतात संप्रेरकं. पान कुरतडलं गेलं की जास्मोनेट वाढतं. त्याचाच एक प्रकार, मिथाइल जास्मोनेट, १९६२ साली चमेलीच्या तेलातून वेगळा काढला गेला. संरक्षणाच्या जनुकांना दाबून ठेवणारी प्रथिनं जास्मोनेटमुळे मोडतात आणि रंगद्रव्यांचं काम सुरू होतं. दुसरं संप्रेरक सॅलिसिलिक आम्ल, ॲस्पिरिनचं जवळचं नातलग. ज्वारीच्या रोपांवरील प्रयोगांत जास्मोनेटने तांबडी द्रव्यं वाढली, सॅलिसिलिक आम्लाने एपिजेनिन, ल्युटिओलिन ही फिकट फ्लॅव्होनॉइडं. दोन्ही एकत्र दिली तेव्हा तांबडा रंग उलट घटला. दोन संजीवकं एकाच पंपात मिसळून दुप्पट फायद्याची आशा धरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. शिवाय ही द्रव्यं फुकट बनत नाहीत. वाढीसाठीचा कार्बन तिकडे वळतो.

काही वाणांत डाग तांबडे न पडता फिकट तपकिरी पडतात. तो आनुवंशिक गुण आहे. भाकरीसाठी असे वाण बरे, कारण पावसात भिजलेल्या कणसात तुसाचा रंग दाण्याला लागत नाही. घानात मात्र हाच तांबडा रंग हवा असतो: तिथे ज्वारीच्या पानांसोबत भात आणि चवळी शिजवून ‘वाचे’ हा तांबूस पदार्थ करतात.

कोल्हापूरचा ऊसही ज्वारीचाच भाऊबंद. लाल कुजव्या रोगाची बुरशी लागली की उसातही याच जातीची रंगद्रव्यं तयार होतात.