अजिंठा : भिक्षू निघून गेल्यानंतर

अजिंठ्याची लेणी १८१९ साली ‘सापडली’ असे सर्वत्र सांगितले जाते. त्याआधीची सुमारे तेरा शतके मात्र बहुधा एका वाक्यात संपविली जातात. आमच्या मते विचार करण्यासारखा काळ तोच आहे.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाचे निधन झाले आणि विहारांचा आश्रय तुटला. छिन्न्या थांबल्या, चोविसाव्या लेण्याचे अपुरे खोदकाम आजही पाहता येते. भिक्षुसंघ पांगला आणि झाडलोट बंद पडली. विहार टिकतो तो रोजच्या केरसुणीने! पावसाळ्यात कड्यावरून माती व दगडगोटे खाली येत, ते उचलणारे कोणी उरले नाही. गाळ साचत गेला, त्यात गवत रुजले, झुडपे वाढली. कातळाच्या भेगांतून पाणी झिरपू लागले, अंधाऱ्या दालनांत वटवाघळे वस्तीला आली. विद्यापीठामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेण्यांकडे पावसाळ्यानंतर जावे. कातळाच्या फटीत धरलेले एखादे रोपटे पाहिले की ही क्रिया कशी सुरू होते ते ध्यानात येते.

अरण्याने अजिंठ्याचे नुकसान केले, हे खरे. चित्रांखालचा गिलावा मातीचा, त्यात भाताचे तूस आणि गवत मिसळलेले. कीटकांना ते खाद्यच झाले. (वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू आढळले आहेत आणि तेथे कीटकांचा उपद्रव कमी झाला, असे संशोधक सांगतात.) परंतु त्याच अरण्याने माणसांची वर्दळ दूर ठेवली, आणि काळोखाने रंगांना उन्हापासून जपले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची डागडुजी करविली. हेतू चांगला होता; परंतु तेव्हा लावलेले लाखेचे रोगण काळवंडले, त्यावर धूळ व काजळी बसली आणि पुढील पिढ्यांतील तज्ज्ञांना ते काढीत बसावे लागले.

‘सापडली’ हा शब्द आम्हांस खटकतो. वाघूर नदीच्या खोऱ्यातील रहिवाशांना त्या गुहा ठाऊक होत्या. शिकारीस आलेला मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ २८ एप्रिल १८१९ रोजी दहाव्या लेण्यात शिरला आणि खांबावरील बोधिसत्त्वाच्या चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. ती अक्षरे आज प्रौढ माणसाच्या डोक्यापेक्षा बरीच उंचावर दिसतात. स्मिथ त्या वेळी शतकानुशतके साचलेल्या सुमारे पाच फूट गाळावर उभा होता.