जुने खाण-चेक आणि आपल्या घरातला खोखा

मागच्या वेळी हिमायतनगरातूनच एक प्रश्न आला होता: अमेरिकेत लोक खाणकंपन्यांचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे चेक गोळा करतात, तसे आपल्याकडं मिळतील का? आज तेवढ्याच प्रश्नावर बोलू.

आधी तिकडचे का मिळतात ते बघा. नेवाडातल्या कॉमस्टॉक भागात १८५९ मध्ये चांदी सापडली, आणि कंपन्यांचं पीक आलं. तिथली पद्धत अशी, की वटलेल्या चेकवर खूण मारून किंवा भोक पाडून बँक तो खातेदाराला परत द्यायची. कंपनी ते गठ्ठे बांधून ठेवायची. खाण बुडाली की ऑफिसातले गठ्ठे बाहेर! यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ पासून १८८३ पर्यंत तिथं चेकवर दोन सेंटांचा कर होता, म्हणून चेकवर तिकीट चिकटवलेलं किंवा छापलेलं दिसतं. संग्राहक ते बघतो. आम्ही मात्र आधी पाठ बघतो. पुढच्या बाजूला पैसे कुणी दिले ते असतं. मागच्या सह्यांवरून चेक किती हातांतून फिरला ते कळतं. यंत्रवाला, लाकूडवाला, ठेकेदार. खाणीत उतरणाऱ्या मजुराचं नाव सहसा सापडत नाही, कारण त्याची मजुरी बहुधा रोखीत.

आता आपलं. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, म्हणजे सिंगरेणीचा कोळसा आपल्याच संस्थानातला. १८७१ मध्ये विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ तो आढळला. १८८६ मध्ये खाणींचा हक्क वॉटसन आणि स्ट्युअर्ट या दोघांना मिळाला आणि लंडनला हैदराबाद दख्खन कंपनी निघाली. मग निजाम सरकारचे अधिकारी अब्दुल हक यांनी दहा पौंडांचे शेअर बारा पौंडांनी सरकारच्या गळ्यात मारले. १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं त्याची चौकशी केली. कोळसा नीट निघायच्या आधीच कागदावर पैसा निघाला होता, असं आमचं मत. हीच कंपनी पुढं १९२० मध्ये सिंगरेणी कोलियरीज झाली.

मग तिचे चेक कुठं? आपल्याकडं वटलेला चेक बँकेपाशीच राहतो आणि ठराविक काळानं नष्ट होतो. म्हणून नेवाडाचा चेक मिळतो, येल्लंदूचा मिळणं अवघड. आमच्या संग्रहातही नाही.

पण हुंडीचं उलट आहे. पैसे चुकते केलेली हुंडी म्हणजे खोखा. (आजकाल 'खोका' म्हटलं की लोक हसतात, ते सोडा.) ज्यानं पैसे दिले त्याच्याच पेढीवर पुरावा म्हणून खोखा राहायचा. नांदेड-लातूरकडच्या जुन्या आडत दुकानांत, वाड्यांतल्या ट्रंकांत तो असू शकतो. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. हुंडी हरवली तर पेठ लिहायची, तीही हरवली तर परपेठ. लिपी बहुतेक वेळा मोडी किंवा मारवाड्यांची महाजनी. महाजनीत काना-मात्रा नसतात, म्हणून 'काकाजी अजमेर गये'चं 'आज मर गये' वाचल्याचा विनोद चालतो. तेव्हा वाचता येत नाही म्हणून फेकू नका.

आणि तिकीट कापून घेऊ नका. तिकिटाला गिऱ्हाईक लगेच मिळतं, पण उरलेल्या कागदावरची रक्कम, तारीख, सही सगळं रद्दीत जातं. आम्हीही सुरुवातीला एका फाटक्या खोख्याला चिकटपट्टी लावली. ती पिवळी पडली आणि खालची शाई गेली. लॅमिनेशन तर नकोच. आधी पुढून-मागून फोटो काढा, आणि कागद कुठल्या गठ्ठ्यात, कुणाच्या शेजारी होता ते पेन्सिलीनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढच्या व्याख्यानाला येताना फोटो आणा, आपण मिळून वाचू.